घाई नसलेली वेबसाइट

मित्रांनो, जुनी खुर्ची, जुनी छत्री, जुने घड्याळ अशी मंडळी आपली कहाणी सांगायला बसली की त्यांचे बरे असते. दाखवायला त्यांच्याकडे मोडका पाय असतो, वाकलेली दांडी असते. माझ्याकडे यातले काहीच नाही. मी एक वेबसाइट आहे, आणि वयाने बरीच जुनी आहे. मला उचलून कोपऱ्यात ठेवता येत नाही, आणि माझ्यावर धूळ बसली तरी ती कोणाला दिसत नाही. पण माझाही जन्म झाला, मीही नोकरी केली, माझीही वाहवा झाली, आणि पुढे माझ्याकडे कोणी ढुंकून पाहीनासे झाले. आज मी पुन्हा ठणठणीत आहे, म्हणून तर तुमच्याशी बोलायला बसले आहे.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. मला जिने घडवले तिला घरात सगळे आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. आत्या एका मोठ्या इस्पितळात वाचा-उपचार करायची. मेंदूला झटका बसला की काही माणसांचे बोलणे जाते. म्हणजे डोके चालू असते, माणसे ओळखू येतात, समोरच्या वस्तूचे काय करायचे तेही कळते. फक्त तिचे नाव काही केल्या तोंडावर येत नाही. अशा माणसांना आत्या एकेक शब्द पुन्हा बोलायला शिकवायची. या कामात तिचा एक कडक नियम होता. समोरचा माणूस शब्द शोधत असताना तो शब्द आपण सांगून मोकळे व्हायचे नाही. हाताखाली शिकायला आलेल्या मुलींना ती बजावायची की जीभ दातांखाली धरा, छताकडे बघा, पण गप्प बसा. गप्प बसणे हेच या धंद्यातले सगळ्यात अवघड काम आहे, असे तिचे मत होते आणि आजही आहे.

आत्या निवृत्त झाली तेव्हा तिला एकच गोष्ट खात होती. माणसे इस्पितळातून घरी जात, आणि घरी त्यांचा सराव घ्यायला कोणी नसे. म्हणून तिने वाचनालयातल्या सकाळच्या वर्गात नाव घातले आणि वेबसाइट लिहायला शिकली. हो, लिहायलाच. तेव्हा मी संगणकातल्या साध्या पाटीवर, म्हणजे नोटपॅडवर, अक्षर न् अक्षर लिहिली गेले. हे चित्र इथे येऊ दे, ही ओळ मोठी दिसू दे, हे बटण दाबले की पुढचे पान उघडू दे, इतक्याच सूचना. सगळी मिळून मी एका फोल्डरमध्ये मावत होते. तो फोल्डर आत्याने उचलून इंटरनेटवर ठेवला, आणि मी जगात आले.

माझ्या बारशाला नावे ठेवायला एकच माणूस हजर होता. तो म्हणजे आत्याचा थोरला भाऊ. तिचे दादा, म्हणून माझेही दादाच. त्यांचे चष्म्याचे दुकान आत्याच्याच इमारतीत खाली होते. दुकानात गिऱ्हाईक आले की चष्मा राहायचा बाजूला आणि आधी गप्पांचा फड जमायचा. दादांनी मला पहिल्यांदा पाहिले ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून. डोळे बारीक करून त्यांनी सांगितले की अक्षरे वाढव. आत्याने वाढवली. ते म्हणाले, अजून. शेवटी आत्या वैतागली तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या पेशंटना तुझी पानं वाचायला माझ्याकडून चष्मा घ्यावा लागला, तर माझा धंदा होईल गं. पण तुझी मेहनत पाण्यात जाईल." आत्याने अक्षरे आणखी एक पायरी वाढवली आणि तेव्हापासून ती तेवढीच आहेत.

माझे एकेक पान म्हणजे एक चित्र आणि दोन बटणे. एका बटणावर लिहिले होते 'पहिला आवाज'. ते दाबले की आत्याच्या आवाजात त्या शब्दाचे पहिले अक्षर ऐकू येई, अडलेल्या माणसाला जरा ढकलण्यापुरते. घरात आवाज घुमतो म्हणून ही अक्षरे तिने कपाटात, कोटांच्या मधोमध डोके खुपसून रेकॉर्ड केली होती. दुसऱ्या बटणावर लिहिले होते 'पुढे'. माणसाला वाटेल तेव्हा त्याने ते दाबावे. दिवसभर वाटले नाही तर दिवसभर दाबू नये. मी आपली त्याच चित्रावर बसून राहायचे.

अशी मी दिसायला अगदीच साधी, पण कामाला पक्की होते. कसल्याही जुनाट फोनवर मी चटकन उघडायचे. दूरदूरच्या घरांतून माणसे माझ्याकडे येऊ लागली. एका माळ्याच्या मुलीने आत्याला कळवले की बाबांना विमान आणि सिंह यांत काडीचा रस नाही, त्यांना त्यांच्या कामाचे शब्द हवे आहेत. आत्याने हातातला चहा खाली ठेवला, झारी, फावडे आणि कात्री यांचे फोटो काढले, आणि चहा निवायच्या आत माझ्यात बागकामाचे पान उघडले. चहाही तिने गरमच प्यायला. त्या काळात माझ्यात काही चुकले, काही हवेसे वाटले, तर ते आत्या स्वतःच्या हाताने करायची आणि विसरून जायची. मला वाटायचे, सगळ्याच वेबसाइट अशा सुखात असतात.

मग माझ्या आयुष्यात दादांचा मुलगा आला. लहानपणापासून रेडिओ उघड, पंखा उघड, कुलूप उघड असे त्याचे उद्योग, म्हणून घरात त्याला खटपट्या म्हणत. मोठा होऊन तो मोठमोठ्या कंपन्यांच्या वेबसाइट बनवू लागला तरी नाव बदलले नाही. हुशार, आणि आत्यावर जीव टाकणारा. एका रविवारी त्याने मला उघडले, वरून खाली पाहिले आणि हसत म्हणाला, "आत्या, ही साइट अगदी बाबा आदमच्या जमान्यातली आहे. थांब, मी तुला नवीन करून देतो." आत्याला भाच्याचे कौतुक. ती हो म्हणाली.

त्याने कित्येक सुट्ट्या माझ्यावर घालवल्या, हे मला कबूल केले पाहिजे. माझी पाने फोल्डरमधून उचलून एका डेटाबेसमध्ये भरली गेली. त्यावर एक भलीमोठी यंत्रणा बसली. तिच्या जोडीला प्लगइन नावाची लहान लहान यंत्रे आली. एक चित्रे सरकवणारे, एक चोर अडवणारे, एक पाहुणे मोजणारे, एक या सगळ्यांवर नजर ठेवणारे. ही मंडळी एकत्र कुटुंबासारखी राहत. एकाने कपडे बदलले की दुसरा रुसे, आणि दुसऱ्याची समजूत काढेपर्यंत तिसरा जेवायचा थांबे. मी मात्र खूश होते. अंगावर रंग चढले होते, आत्याने काढलेल्या फोटोंच्या जागी गुळगुळीत चित्रे आली होती, आणि ती चित्रे आपोआप एकामागून एक सरकत होती. हलते चित्र असले की साइट जिवंत वाटते, असे खटपट्याच्या कचेरीत सगळेच म्हणत.

आत्याने सगळे पाहिले. चित्र आले, तिने मनात नाव घेतले, चित्र गेले, दुसरे आले. छान आहे रे, असे ती म्हणाली. तिला कुठेच काही खटकले नाही, कारण तिची वाचा ठणठणीत होती.

खटकले ते पुढच्या आठवड्यात. तिला एका पानावरचा एक शब्द बदलायचा होता. ती आत शिरली तर समोर ही बटणांची रांग. कोणते दाबले की काय होईल याचा पत्ता नाही. तिने भाच्याला फोन केला, त्याने कामातून वेळ काढून तो शब्द बदलला. पुढच्या वेळी फोन करणे तिच्या जिवावर आले. त्याच्या पुढच्या वेळी तिने तो शब्द तसाच राहू दिला. एका स्वयंपाकिणीच्या मुलाने आईसाठी स्वयंपाकघरातले शब्द मागितले होते. आत्याने फोटोही काढून ठेवले, पण ते माझ्यापर्यंत पोचलेच नाहीत. हळूहळू ती माझ्याकडे यायचीच बंद झाली. जुन्या फोनवर मी आता कूर्मगतीने उघडत होते, म्हणून लांबची माणसेही गळत गेली. मित्रांनो, मी नटूनथटून बसले होते आणि दारात कोणी नव्हते.

अशातच एका सकाळी, दुकानाचे शटर उघडता उघडता, दादा खाली बसले. इस्पितळातून परत आले तेव्हा त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणे गेले होते. एकच शब्द उरला होता, तो म्हणजे 'बरं'. तहान लागली तरी बरं, पाय दुखला तरी बरं, राग आला तरी बरंच, फक्त जरा जोरात. ज्या माणसाच्या गप्पांसाठी गिऱ्हाईक वाट वाकडी करून यायचे, त्याच्या तोंडात देवाने एवढेच ठेवले. दुकान बंद झाले. डॉक्टरांनी आत्याला एका बाजूला घेऊन जे सांगितले ते तिला आधीच ठाऊक होते. पहिल्या काही महिन्यांत वाचा सगळ्यात भरभर परत येते. नंतरही येते, पण मग चढण फार वाढते. तेव्हा एकही दिवस वाया घालवू नका.

आत्या रोज सकाळी यायची आणि दादांचा सराव घ्यायची. पण धाकट्या बहिणीसमोर अडखळायला दादांना फार लाज वाटायची. मान खाली घालून बसायचे. म्हणून तिने ठरवले की दुपारी दादांनी एकट्याने, कोणी बघत नसताना, माझ्याबरोबर सराव करायचा. वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, खिडकीजवळ उशा लावून दिल्या. खटपट्याने नवा टॅब आणला. आणि ज्यांनी माझी अक्षरे मोठी केली होती ते दादा माझ्यासमोर येऊन बसले.

पहिले चित्र हत्तीचे होते. दादांनी त्याच्याकडे पाहिले. ओठ हलले, जीभ हलली, डोळ्यांत ओळख आली. 'ह' आता येणार, आता येणार, असे झाले आणि हत्ती सरकला. त्या जागी सफरचंद आले. दादा दचकले. हत्ती टाकून सफरचंदाच्या मागे लागले, तर तेही गेले. पहिल्या दिवशी ते स्वतःशीच हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्र धरून ठेवायला आपला डावा तळहात त्याच्यावर ठेवला. पण खटपट्याने अशी सोय केली होती की चित्राला हात लागला की ते लगेच पुढे जावे. दादा हात ठेवत आणि मी आणखी जोरात पळे. मला थांबता येत नव्हते, मित्रांनो. मला माझ्यातले ते कोणते बटण आहे तेही माहीत नव्हते.

बापाला हुरूप यावा म्हणून खटपट्याने एक नवे प्लगइन बसवले. चित्रे संपली की टाळ्या वाजायच्या आणि पडद्यावर चांदण्या उडायच्या. दादांच्या तोंडून एकही शब्द निघालेला नसायचा, आणि टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. तिसऱ्यांदा टाळ्या वाजल्या तेव्हा दादांनी टॅब पालथा घातला आणि उशीखाली सरकवला. माझ्या पूर्ण आयुष्यात मला इतके वाईट कधी वाटले नव्हते.

आता गंमत बघा. ज्याला बोलता येत नाही त्याने तक्रार कशी करायची? वहिनींना वाटले, हे रुसले आहेत. खटपट्याला वाटले, टॅब लहान पडतो. आत्याने सराव केलास का असे विचारले की दादा म्हणत बरं, आणि उशीखालून टॅब बाहेर निघत नसे. दिवस हातातून निघून चालले होते. एके दिवशी आत्याचा धीर सुटला. आयुष्यभर ज्या बाईने रुग्णांवर आवाज चढवला नव्हता तिने सख्ख्या भावाला सुनावले, "दादा, तू प्रयत्नच करत नाहीयेस. मी एकटी काय काय करू?"

दादा खिडकीबाहेर बघत राहिले. समोरच्या लाँड्रीत इस्त्री करणारा बाप्या त्यांना हात दाखवत होता. त्यांनी त्यालाही हात दाखवला नाही.

आणि मग एका सकाळी मी कोसळले. रात्रीतून एका प्लगइनने आपले आपण नवे रूप घेतले, दुसऱ्याला ते मानवले नाही, आणि सगळ्या कुटुंबाने एकदम अंग काढून घेतले. उघडले की नुसते पांढरे पान, आणि त्यावर एक ओळ, जिचा अर्थ खटपट्यालाही लागेना. त्याने कचेरीत रजा टाकली आणि आईबापांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसला. आत्या नेहमीच्या वेळेला आली. तिने पाहिले, भाच्याच्या नाकी नऊ आले आहेत आणि दुपारचा सराव काही होत नाही.

एकही दिवस वाया घालवायचा नाही हे तिच्या डोक्यात पक्के होते. ती दादांच्या जुन्या संगणकापाशी बसली आणि तिने साधी पाटी उघडली. हात विसरले असतील असे तिला वाटले होते, पण हात विसरले नव्हते. दादांच्या खणात चष्म्याच्या काचा पडलेल्या होत्या. त्यातली एक तिने खिडकीच्या उजेडात धरली, फोटो काढला, आणि चार ओळी लिहून एक पान केले. चित्र, पहिला आवाज, पुढे. डेटाबेस नाही, पासवर्ड नाही, इंटरनेटसुद्धा नाही. फाइल टॅबवर टाकली आणि टॅब दादांच्या मांडीवर ठेवला. मग सवयीप्रमाणे ती छताकडे बघत गप्प बसली.

ते पान म्हणजे मीच होते. किती दिवसांनी मला इतके हलके वाटत होते म्हणून सांगू!

दादांनी माझ्याकडे संशयाने पाहिले. मग त्यांनी घाईघाईने डावा तळहात चित्रावर दाबून धरला. टेबलापाशी बसलेल्या खटपट्याने मान वर केली. बाबांनी हात का ठेवला आहे, असे त्याने आत्याला विचारले. आत्यालाही कळेना. दादांनी हात अलगद उचलून खाली डोकावले. काच तिथेच होती. पुन्हा हात ठेवला, पुन्हा उचलला. काच तिथेच.

तेव्हा दादांनी मुलाला मानेने जवळ बोलावले. त्याचा हात धरला, माझ्यावर ठेवला आणि दाबला. मग तो बाजूला करून माझ्याकडे बोट दाखवले. मी जागची हलले नव्हते. मग त्यांनी तेच बोट हवेत सपासप सरकवले, हे गेले, हे गेले, हेही गेले. आणि शेवटी मांडीवर एकाच हाताने टाळी वाजवली, तोंड कडू करून.

खटपट्या तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. मग म्हणाला, "बाबा, चित्रं पळत होती? तुम्ही म्हणेपर्यंत?"

"बरं," दादा म्हणाले. आणि या वेळी त्या शब्दाचा अर्थ घरात सगळ्यांना कळला.

आत्या खुर्चीत मागे टेकली. आपण काय बोललो होतो ते तिला आठवले असणार, कारण तिने पुढे होऊन दादांच्या लुळ्या हातावर हात ठेवला आणि चुकले म्हणून सांगितले. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांना थांबायला शिकवले, तिचीच वेबसाइट तिच्याच भावाच्या तोंडचे शब्द पळवत होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. खटपट्याचा चेहरा तर बघवत नव्हता. दादांनी मात्र दोघांकडे फारसे लक्ष दिले नाही. ते माझ्याकडे वळले. आता त्यांना घाई नव्हती, कारण मला नव्हती. बराच वेळ गेला. खाली रस्त्यावर कोणीतरी हातगाडी ढकलत नेली, तिचा खडखडाट लांब जाईपर्यंत ऐकू आला.

"का," दादा म्हणाले. थांबले. "काच."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

संध्याकाळी आत्या आणि भाच्यात बोलणे झाले. खटपट्याचे म्हणणे सरळ होते. चित्रे सरकवणारी ती एक सेटिंग आहे, दोन क्लिकमध्ये बंद होते, त्यासाठी सगळा संसार मोडायची गरज नाही. आत्याने शांतपणे ऐकून घेतले.

"तू बंद करशील रे," ती म्हणाली, "पण ती कुठून बंद करायची हे मला कधी कळलं असतं? माझं पान कसं वागतं ते मला माहीत हवं. आणि बिघडलं तर मला हाताने नीट करता आलं पाहिजे."

"म्हणजे मी केलेलं सगळं वायाच."

"वाया कशाला? तू मायेने केलंस. पण माझ्या हाताला येईल असं कर ना."

खटपट्याने तोंड फुगवले. दोन दिवस तो फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो बाह्या सरसावूनच आला, आणि दोघे माझ्याजवळ बसले. एकेक यंत्र समोर घ्यायचे आणि हे कोणासाठी आहे असे विचारायचे, अशी त्यांनी पद्धत ठरवली. पाहुणे मोजणारे कोणासाठी? मोजून आत्या काय करणार होती हे दोघांनाही सांगता येईना. ते गेले. आत येण्यापूर्वी कोडे घालून तुम्ही माणूसच आहात ना असे विचारणारे एक होते. झटका बसलेल्या माणसाला दारातच कोडे घालायचे, हे मोठ्याने वाचल्यावर खटपट्यालाच हसू आले. तेही गेले. टाळ्या आणि चांदण्या तर दादांनी स्वतः बोट दाखवून घालवल्या. जे आत्याला एकटीने दुरुस्त करता येणार नाही ते ठेवायचे नाही, इतका साधा नियम. सगळ्यांवर नजर ठेवणारे यंत्र शेवटी उरले, पण आता ज्यांच्यावर नजर ठेवायची असे कोणीच नव्हते, म्हणून तेही गेले.

शेवटी मी पुन्हा एका फोल्डरमध्ये मावले. पण खटपट्याचे सगळेच गेले असे समजू नका. त्याने माझी चित्रे इतकी हलकी केली की लांबच्या खेड्यातल्या फोनवरही मी पटकन उघडते. एकदा उघडल्यावर इंटरनेट गेले तरी मी चालू राहते. माझी एक प्रत आत्याकडे आणि एक त्याच्याकडे असते, त्यामुळे मला कसली भीती नाही. या कामात मुरलेल्या माणसालाच सुचावे असे हे साधेपण आहे, आणि आत्या ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगते. मोठ्या दुकानांना, बँकांना मोठी यंत्रणा लागते, त्यांची मी चेष्टा करत नाही. त्यांचे काम निराळे, माझे निराळे. पण माझ्या कामाला काय लागते ते आता मला पक्के ठाऊक आहे, आणि याचा मला थोडा गर्वही आहे.

आत्या पुन्हा रोज माझ्याकडे येऊ लागली. स्वयंपाकघराचे पान आले. मग शिवणकामाचे. मग चष्म्याच्या दुकानाचे, कारण दादांना तेच हवे होते. काच, दांडी, स्क्रू, गिऱ्हाईक. 'गिऱ्हाईक' या शब्दाने त्यांना फार घाम फोडला. दुपारी दारे लोटून ते माझ्यासमोर बसत, चुकत, चिडत, पुन्हा चुकत. माझ्याकडून त्यांना कधी घाई झाली नाही आणि खोटी शाबासकीही मिळाली नाही. शब्द हळूहळू परत येत होते. पूर्वीसारखे वाहत नाहीत, आजही नाहीत; एकेक करून येतात. दुकानात ते आता अर्धा दिवस बसतात. त्यांना बोलायला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक थांबते.

पुढची गोष्ट दादांनीच काढली. एका दुपारी त्यांनी 'पहिला आवाज' या बटणावर बोट ठेवले आणि मग ते स्वतःच्या छातीवर ठेवले. आत्याचा आवाज स्पष्ट, सुरेख, कुठेही न अडणारा. दादांना तिथे आपला आवाज हवा होता. आत्याला आधी कळेना, मग कळले, आणि तिने भाच्याला हाक मारली. खटपट्याने रेकॉर्डिंगची तयारी केली. समोर काचेचे चित्र. दादांनी सुरुवात केली आणि नेहमीप्रमाणे मध्येच अडकले. खटपट्या दम धरून बसला. त्याने शब्द सांगितला नाही, मदतीला ओठही हलवले नाहीत. आत्याच्या हाताखालच्या मुलींना जे शिकायला वर्ष लागायचे ते हा पोरगा एवढ्यात शिकला होता. शेवटी शब्द आला.

खटपट्याने ते पुन्हा वाजवून पाहिले. पहिले अक्षर, मग भलीमोठी शांतता, मग पूर्ण शब्द. त्याने कात्रीच्या खुणेवर बोट नेले आणि विचारले, "बाबा, मधली शांतता कापू का?"

दादांनी मुलाकडे पाहिले. त्यांना वेळ लागला, पण शब्द त्यांचे त्यांनाच सापडले.

"राहू दे," ते म्हणाले.

खटपट्याने ती कापली नाही. मित्रांनो, तुम्हीही कधी दुसऱ्यासाठी काही बनवाल, तेव्हा त्या माणसाच्या शेजारी एकदा बसा आणि त्याला किती वेळ लागतो ते बघा. आणि कधी माझे ते पान उघडलेत, तर दादा 'का' म्हणतील आणि मग काहीच ऐकू येणार नाही. बिघडले असे समजून बंद करू नका. त्यांचा शब्द येतो आहे, तेवढा वेळ थांबा.